दहा महिने वापरलेला सशाचा पिंजरा आणि त्याचा जाळीचा तळ

गेल्या दिवाळीनंतर जळगावच्या एका दुकानातून सशासाठी तारेच्या जाळीचा तळ असलेला, अडीच फूट लांबीचा हा पिंजरा मी ४,२०० रुपयांना घेतला. पहिले तीन महिने मी या पिंजऱ्यावर इतका समाधानी होतो की, शेजारच्या दोन घरांनी माझ्याच सांगण्यावरून तो घेतला. लेंड्या आणि मूत्र तळाच्या जाळीतून खालच्या ट्रेमध्ये पडत, ट्रे दोन मिनिटांत धुऊन निघे आणि घरात वास येत नसे. ज्या जाळीचे मी तेव्हा कौतुक केले, तिच्याविषयीच आज मला तक्रार करायची आहे.

फेब्रुवारीत ससा पुढे सरकताना मागचा पाय उचलून धरू लागला. उचलून पाहिले तेव्हा दोन्ही टाचांवरचे केस झडून कातडी लाल झाली होती आणि एका टाचेला जखम होती. पशुवैद्यकांनी सांगितले की, सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, तिथे फक्त दाट केस असतात, आणि तारेवर बसल्यावर शरीराचा सगळा भार टाचेच्या थोड्याशा भागावर येतो. ससा जड असला, नखे वाढलेली असली किंवा जागा ओली राहिली, तर जखम अधिक लवकर होते. आमचा ससा तीन किलोच्या पुढे गेलेला आहे. शिवाय ससा स्वतःची मऊ लेंडी पुन्हा खातो आणि ती त्याच्या पचनाला आवश्यक असते. चुकून खाली पडलेली अशी लेंडी जाळीतून ट्रेमध्ये जाते आणि त्याला मिळत नाही.

जखमेचा फोटो घेऊन मी दुकानात गेलो. सगळे पिंजरे असेच येतात, असे सांगून दुकानदाराने मला ३५० रुपयांची प्लॅस्टिकची चटई दाखवली. ज्या वस्तूचा तळच प्राण्याला इजा करतो, ती दुरुस्त करण्यासाठी ग्राहकाने पुन्हा पैसे का द्यावेत, हे मला पटले नाही आणि आजही पटत नाही. सुताराकडून प्लायवूडचा तुकडा बसवून घेतला. तो महिनाभरात मूत्राने फुगला आणि सशाने त्याच्या कडा कुरतडल्या. शेवटी ओट्याच्या कामातून उरलेली शहाबादी फरशी पिंजऱ्यात बसवली आणि तिच्यावर वाळलेल्या गवताचा व दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) कडब्याच्या पानांचा जाड थर घातला. ओला भाग रोज काढावा लागतो, परंतु साधारण दीड महिन्यात टाच भरून आली.

या फरशीचा खरा उपयोग मे महिन्यात कळला. पारा ४४ अंशांवर गेला की, आमच्या भागात माणसांचेही हाल होतात. ससा तर घाम गाळून शरीर थंड करू शकत नाही, त्याची उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. आम्ही पिंजरा मधल्या खोलीत, कूलरच्या थेट झोतापासून बाजूला ठेवला आणि दुपारी फरशीचा एक कोपरा गवताविना मोकळा सोडला. ससा तिथेच अंग पसरून पडून राहत असे.

ट्रेचा पत्रा सातव्या महिन्यात गंजला. त्यावर बसणारा मूत्राचा पांढरा थर व्हिनेगरने निघतो, गंज मात्र माझ्याकडून निघाला नाही.

पिंजऱ्याचा एक गुण मात्र मान्य करतो. त्याचे दार बाजूला आणि रुंद आहे, त्यामुळे सशाला वरून हात घालून उचलावे लागत नाही. वरून येणाऱ्या हाताला ससा शिकारी पक्ष्याला घाबरावे तसा घाबरतो. याच दारामुळे मी पिंजरा विकला नाही. अडीच फूट लांबीत ससा तीन उड्या सलग मारू शकत नाही, म्हणून पिंजऱ्याभोवती वेल्डरकडून लोखंडी वेल्डमेशचे (जोडलेल्या तारांच्या जाळीचे), तळ नसलेले चार फुटी कुंपण ३,१०० रुपयांत करून घेतले आहे. ही रक्कम आधीच खर्च केली असती, तर पिंजऱ्याचे पैसे वाचले असते.

पिंजऱ्याचे दार आता दिवस-रात्र उघडेच असते. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी पिंजरा घेतला, त्या दोन्ही घरी मी स्वतः फरशीचे तुकडे नेऊन दिले. त्यांपैकी एका सशाच्या टाचेवरचे केस झडू लागले होते.