एनएसएस जॉइन करायचं का? टर्म पूर्ण केलेल्या स्वयंसेवकाचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापलाय ते पुढे येईलच, पण तो राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे एनएसएसचा, नाही कापलेला, ती ज्या पद्धतीने कॉलेजात विकली जाते त्याचा कापलाय.

ॲडमिशन सुरू झाल्या की घरातली, शेजारची पोरं हमखास विचारतात, दादा एनसीसी घेऊ का एनएसएस, का सरळ योगा घेऊन मोकळा होऊ. एनसीसीबद्दल मला काही बोलायचा अधिकार नाही, कवायत आपल्याला कधी झेपली नाही. एनएसएसमध्ये मात्र पूर्ण मुदत काढली, शेवटी शेवटी विद्यार्थी प्रतिनिधी पण होतो, म्हणजे नवीन पोरं गोळा करणं आणि ती टिकवणं हीच डोकेदुखी होती, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघितलंय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. राष्ट्रीय सेवा योजना, केंद्राच्या युवक कार्य आणि क्रीडा मंत्रालयाची. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात ३७ विद्यापीठांमध्ये सुरू झाली, म्हणून २४ सप्टेंबर हा एनएसएस दिवस. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांचे २४०, आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर. एवढं केलं की सर्टिफिकेट. साधारण शंभर पोरांचं एक युनिट, त्याच्यावर एक कार्यक्रम अधिकारी, म्हणजे तुमच्याच कॉलेजातले एखादे सर नाहीतर मॅडम, ज्यांना सगळे पीओ म्हणतात आणि ज्यांना स्वतःची लेक्चर्स, पेपर तपासणी आणि नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फायली सांभाळून हे सगळं करायचं असतं. उंची मोजत नाहीत, छाती फुगवायला लावत नाहीत, बूट पॉलिशची भानगड नाही. फॉर्म भरला, माय भारत पोर्टलवर नाव नोंदवलं की आत.

आता गोची कुठे होते बघा. जून-जुलैमध्ये कॉलेजच्या गेटवर आणि नोटीस बोर्डवर जे पोस्टर लागतं त्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात काय असतं? मार्क. मुंबई विद्यापीठात एनएसएसचे १० मार्क मिळायचे हे तर आमच्याकडे पुणे जिल्ह्यातल्या पोरांनाही पाठ होतं, आणि आता नवीन शैक्षणिक धोरणात एनएसएस को-करिक्युलर कोर्समध्ये आलंय, क्रेडिट मिळतात, म्हणजे योगा, खेळ, सांस्कृतिक यांच्या यादीत हे पण एक. मग काय, पोरं यादी बघून जे सोपं वाटतं ते टिक करतात. युनिट आठवड्यात फुल्ल. पीओ खूश, प्राचार्य खूश. आणि गणपती उलटले की मीटिंगला वीस डोकी, त्यातली पाच मैत्रिणीची वाट बघत बसलेली. मार्कांसाठी आलेला माणूस मार्कांना लागते तेवढीच हजेरी लावणार ना, त्याला दोष देऊन काय उपयोग, तुम्ही पोस्टरवर त्याला तेच सांगितलं होतं.

त्यात भर म्हणजे पहिले तीन-चार महिने ज्या प्रकारचे कार्यक्रम होतात ते. अमुक जयंती, तमुक दिन, ढमुक पंधरवडा. सभागृहात बसवायचं, पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांचा परिचय पाहुण्यांच्या भाषणापेक्षा मोठा, मग बाहेर येऊन बॅनर धरून फोटो. फोटो जिओटॅगवाला, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला पाहिजे कारण नॅकला लागतो. स्वच्छता अभियानाचा फोटो म्हणजे एक झाडू आणि त्याला धरलेले सहा हात, खाली कचरा नावाला नाही, कारण शिपाईमामांनी सकाळीच झाडून घेतलेलं. मी हे हसण्यावारी लिहितोय पण पहिल्या वर्षाची पोरगी शिरूर नाहीतर जुन्नरकडच्या एखाद्या गावातून एसटीने दीड तास प्रवास करून रविवारी येते आणि तिला तासभर बॅनर धरायला लावून घरी पाठवतात, ती पुढच्या रविवारी कशाला येईल? आली नाही की मग ग्रुपवर मेसेज, गैरहजर राहणाऱ्यांची नावं कमी करण्यात येतील. झालं. उरलेली पण गेली.

कापलेला स्टार हा. बाकी योजना म्हणून आत जे आहे ते खरंच भारी आहे, फक्त ते दाखवत नाहीत.

विसर्जनाचं बघा. घाटावर निर्माल्य गोळा करायला उभं राहणं हे आमच्याकडे सगळ्यात जास्त पोरं खेचून आणणारं काम होतं आणि त्यासाठी एक रुपयाचं पोस्टर छापावं लागलं नाही. एकतर संध्याकाळी सगळं गाव तिथे असतं, आपली पोरगी टी-शर्ट घालून उभी आहे आणि काका-काकू तिच्याकडे निर्माल्याची पिशवी देताना दोन शब्द विचारतायत, हे तिच्या आईबापांना दिसतं. पोरांना घरून परवानगी मिळणं हा एनएसएसमधला अर्धा लढा आहे, विशेषतः शिबिराला मुली पाठवायच्या वेळी, आणि तो लढा घाटावर परस्पर जिंकला जातो. शिवाय काम हातात धरता येतं. हार वेगळे, प्लॅस्टिक वेगळं, थर्माकोलची मखरं वेगळी, रात्री ट्रॅक्टरची ट्रॉली भरलेली समोर दिसते. त्याच्यापुढे भाषण कसलं टिकतंय.

रक्तदान शिबिराचं मात्र उलटं. जाहिरात सगळ्यात जास्त, आणि आपल्याच पोरांना नकार मिळायचा दिवस पण तोच. वय १८ पूर्ण पाहिजे, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असेल तर घेत नाहीत. पहिल्या वर्षाची कितीतरी पोरं अजून सतराची असतात, आणि मुलींचं हिमोग्लोबिन तपासलं की एकेक जण पडलेलं तोंड घेऊन टेबलावरून उठते. बहुतेक ठिकाणी त्यांना सांगतात, तुमचं झालं, तुम्ही जा. मग ती जातेच, कायमची. आमच्या मॅडमनी एक साधी गोष्ट सुरू केली होती, नकार मिळालेल्यांची नावं लगेच तिथल्या तिथे दुसऱ्या टेबलावर पाठवायची, नोंदणी, चहा-बिस्किट, रक्त दिल्यावर दहा-पंधरा मिनिटं आडवं झालेल्यांच्या उशाशी बसणं, चक्कर येतेय का बघणं. त्यातल्याच दोघी-तिघी पुढच्या वर्षी अख्खं शिबिर सांभाळत होत्या, रक्तपेढीला फोन करण्यापासून. काही लागत नाही हो, फक्त तुझं इथे काम आहे हे कुणीतरी सांगावं लागतं.

आता शिबिर. खरं तर फक्त यासाठीच चार स्टार दिले तरी चालतील. डिसेंबर-जानेवारीत सात दिवस एका गावात, मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत, मुली वर्गखोल्यांत, मुलं देवळाच्या सभामंडपात, आंघोळीला गार पाणी आणि त्यासाठीही लाइन. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र ज्यात निम्मे पेंगतात, मग सर्वेक्षण, रात्री गावासमोर कार्यक्रम. आमच्या शिबिरात वनराई बंधारा होता, म्हणजे मातीच्या पोत्यांनी ओढ्याचं पाणी अडवायचं. ज्यांनी केला नाही त्यांना वाटतं पोती टाकली की झाला बंधारा. तर नाही. सिमेंटची रिकामी पोती आधी गावातून जमवायची, ओढ्यातलीच वाळू-माती भरायची पण गच्च नाही, थोडी ढिली, म्हणजे पोतं बसतं नीट, तोंड सुतळीने शिवायचं, आणि रचताना विटांच्या भिंतीत करतात तशी सांधेमोड करायची, खालचा थर रुंद, वर निमुळता. पहिल्या दिवशी आम्ही पोती टम्म भरली, दोघांना उचलेना, तेव्हा गावातले एक आजोबा काठावर बसून बघत होते ते उठून आले, निम्मी माती ओतून दिली आणि काही न बोलता परत जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी पाणी अडायला लागलं. वर्गात ज्याने कधी तोंड उघडलं नाही असा मुलगा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून वरच्यांना शिव्या घालत पोती मागत होता. पुढचं वर्षभर त्याने एक मीटिंग चुकवली नाही.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा, म्हणजे पीओ लोक वाचत असतील तर त्यांच्यासाठी. पोरं टिकतात ती शिबिरानंतर, आणि शिबिर येतं डिसेंबरात. मधले चार महिने गळती. त्यात शिबिराला जागा युनिटच्या निम्म्याच, शंभरातले पन्नास. आमच्याकडे पन्नास कोण हे ऐनवेळी ठरायचं आणि मग वशिल्याची कुजबुज. ते एका वर्षी बदललं. तासांची नोंद भिंतीवर लावायला सुरुवात केली, कुणाचे किती तास झाले ते सगळ्यांना दिसतंय, आणि ऑगस्टमध्येच एका रविवारी सगळ्या शंभर जणांना शिबिराच्या गावात फक्त दिवसभरासाठी नेलं, सरपंच, शाळेतले गुरुजी, ओढा, सगळं दाखवलं, पोरांनी घरोघरी जाऊन पाण्याचं सर्वेक्षण केलं. गाव माहीत झालं की शिबिर पोरांचं होतं. त्या वर्षी गळती झालीच नाही असं म्हणणार नाही, पण दिवाळीनंतर मीटिंगला खुर्च्या कमी पडल्या हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

व्हॉट्सअॅपबद्दल दोन शब्द, कारण सगळ्यांना वाटतं ग्रुप काढला की युनिट चाललं. शंभर जणांच्या ग्रुपवर रविवारी सकाळी ७ वाजता श्रमदान असा मेसेज टाका, चाळीस अंगठे येतात, माणसं येतात अकरा. याचं कारण साधं आहे, शंभरात आपण नसलो तर कुणाला कळणार आहे. दहा-दहा जणांचे गट पाडा, प्रत्येकाला दुसऱ्या वर्षाचा एक गटप्रमुख द्या, तो फोन करेल, चल रे गेटवर उभा आहे. फोनवर नाही म्हणायला जड जातं. मोठ्या सूचनांसाठी कम्युनिटी बरी पडते, तिथे फक्त ॲडमिनच लिहितात त्यामुळे गुड मॉर्निंगची फुलं नाहीत, आणि अनोळखी पोरांना मुलींचे नंबर दिसत नाहीत, हा फायदा कुणी फारसा सांगत नाही पण मुलींना विचारा. इन्स्टा चालवायचं तर पहिल्या वर्षाच्या पोरांच्या हातात द्या. सरांनी केलेली रील म्हणजे मागे देशभक्तीपर गाणं आणि पुढे सत्काराचे फोटो. पोरांनी केलेल्या रीलमध्ये शिबिरातल्या वेड्यावाकड्या चपात्या असतात आणि नेमक्या त्याच बघून बारावीची पोरं विचारायला येतात.

टी-शर्टचं वेगळं प्रकरण. घ्याच, कारण गावात ओळख त्यावरच. पण छापायला टाकताना समोर उभं राहा. बोधचिन्हात कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं चाक आहे, त्यातले आठ आरे म्हणजे चोवीस तास, रंग लाल आणि गडद निळा, यातलं काहीही बदलायचं नसतं. एका दुकानदाराने आम्हाला कापडावर उठून दिसतं म्हणून चाक हिरवं करून दिलं होतं आणि वर म्हणतो, छान दिसतंय की. दिसत होतं छान, पण ते घालून विद्यापीठात कसं जाणार.

दुसऱ्या वर्षात गेलात तर आणखी दोन गोष्टी उघडतात ज्या पोस्टरवर कधीच नसतात. एक, विद्यापीठाच्या निर्मल वारीच्या, म्हणजे पंढरपूरच्या वारीतल्या स्वच्छतेच्या कामात पालखीबरोबर जाता येतं, पत्रावळ्या गोळा करत, मुक्कामाच्या गावात स्वच्छतेचं सांगत. पाय जातात कामातून पण असा अनुभव पुन्हा नाही. दुसरं म्हणजे राज्य पातळीवरची उत्कर्ष ही सामाजिक-सांस्कृतिक स्पर्धा, आपत्ती व्यवस्थापनाचं आव्हान शिबिर, आणि अगदी नशीब आणि मेहनत दोन्ही असेल तर २६ जानेवारीच्या दिल्लीतल्या संचलनासाठी निवड. माझी झाली नाही, जिची झाली ती आमच्याच युनिटची, पहिल्या वर्षी मीटिंगला मैत्रिणीची वाट बघत बसणाऱ्या पाचांमधली.

कुणी घेऊ नये? ज्याला रविवारी क्लास आहेत, नोकरी आहे, घरचं दुकान आहे त्याने आधी पीओंशी बोलून घ्या, तास कसे भरायचे ते बरेच जण समजून घेतात, काही अजिबात घेत नाहीत. आणि फक्त क्रेडिटसाठी घेणार असाल तर दुसरं काही घ्या हो, खरंच, तुमच्यामुळे शिबिराची एक जागा अडते.

घ्यायचं पक्कं झालं तरी फॉर्म भरण्याआधी एक करा. कॉलेजच्या कट्ट्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा एनएसएसवाला गाठा आणि विचारा, मागचं शिबिर कुठल्या गावात होतं. गावाचं नाव, तिथल्या आजींचा ठेचा, कुठल्या घरातलं कुत्रं चावायला धावायचं असं सगळं सुरू झालं आणि तो थांबेचना, तर डोळे झाकून फॉर्म भरा. फोन काढून बॅनरचा फोटो दाखवायला लागला तर योगा काही वाईट नाही.