मेक्सिकोची तेल आणि मालवाहू बंदरं: नॉर्तेचा एक पूर्ण मोसम वापरल्यानंतर

पाचपैकी तीन तारे. चौथा एका शब्दापायी कापला, आणि तो शब्द म्हणजे ‘मेनोर’.

ऑक्टोबर ते एप्रिल आखाती किनाऱ्यावर नॉर्ते, म्हणजे उत्तरेचा वादळी वारा, वाहतो, हे इकडे जहाज पाठवणाऱ्या कुणाला नव्याने सांगायला नको. वेराक्रूसला त्या दिवसांत ४०-५० नॉट वारा ही बातमी नसते. वारा चढला की कापितानिया, म्हणजे हार्बर मास्टरचं कार्यालय, बंदर बंद करतं. पण हे बंद दोन तऱ्हेचं असतं. एक फक्त ‘नावेगासिओन मेनोर’साठी, म्हणजे लाँच, होड्या, मच्छीमार. दुसरं लहान-मोठ्या सगळ्यांसाठी. कापितानियाच्या सूचनेत हे लिहिलेलं असतं. बंदरातल्या एजंटाच्या स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्समध्ये, म्हणजे जहाजाच्या मुक्कामातल्या घडामोडींच्या नोंदीत, मात्र एवढंच उमटतं: ‘पोर्ट क्लोज्ड, बॅड वेदर’. कुणासाठी बंद, किती वाजता बंद, किती वाजता उघडलं, काही नाही. या अर्ध्या ओळीवरून डेमरेजचा, म्हणजे जहाज ठरलेल्यापेक्षा जास्त वेळ अडकल्याच्या भरपाईचा, एक दावा महिनोन् महिने लोंबकळला, म्हणून हा लेखनप्रपंच.

पैशाचं गणित असं. टँकरच्या चार्टर पार्टीत, म्हणजे भाडेकरारात, बहुतेक वेळा कोनोको वेदर क्लॉज असतो. हवामानामुळे धक्क्याला लागायला झालेला उशीर त्यात अर्धा धरतात, आणि जहाज डेमरेजवर गेलं असेल तर दरही अर्धा. दिवसाला ४०,००० डॉलर दर धरा आणि ६० तासांचा नॉर्ते धरा. पूर्ण धरले तर १,००,००० डॉलर, अर्धे धरले तर ५०,०००. आता त्या ६० तासांतले पहिले १४ तास बंदर फक्त लहान नौकांना बंद होतं आणि शेवटचे १० तास बंदर उघडूनही जहाज रांगेतच उभं होतं, असं समजा. हे २४ तास हवामानाचे की गर्दीचे? रांगेतले १० तास उघड उघड गर्दीचे. पहिल्या १४ तासांचं उत्तर पायलट, म्हणजे जहाज बंदरात आणणारा वाटाड्या, चढत होता की नव्हता यावर ठरतं. मोठं जहाज कायद्याने आत येऊ शकत होतं, पण पायलट बोट बाहेर पडत नव्हती, तर चार्टरर, म्हणजे जहाज भाड्याने घेणारा, ‘हवामान’ म्हणणार आणि त्याचं चूक नाही. पायलट बोट चालू होती आणि धक्का रिकामा नव्हता, तर ते तास पूर्ण मोजायचे. म्हणजे चार वेळांची नोंद लागते: मेनोर बंद, सर्वांना बंद, पायलट सेवा थांबली, पायलट सेवा सुरू झाली. एजंट देतो एक.

उपाय साधा आहे, पण नॉमिनेशनच्या, म्हणजे एजंट नेमण्याच्या, पहिल्याच ईमेलमध्ये लिहायला हवा. कापितानियाची बंद करण्याची आणि उघडण्याची, दोन्ही सूचना मूळ स्पॅनिशमध्ये, त्याच दिवशी, फोटो काढून पाठवा. नंतर मागितल्या तर ‘फाइल मिळत नाही’ हे उत्तर ठरलेलं. जहाजावर व्हीएचएफ रेडिओवरून बंदीची घोषणा ऐकली की लॉगबुकात वेळेसह नोंद करून ‘मेनोर’ की सगळ्यांना, हा शब्द लिहायचा. जहाजाच्या जागेवरचा वारा दर तासाला नोंदवायचा, विमानतळाचा आकडा नको.

वेळेवरून आठवलं. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये उन्हाळी वेळ बंद केली. आखाती बंदरं, शिवाय मान्सानियो, लासारो कार्देनास आणि सालिना क्रूस, वर्षभर यूटीसीच्या ६ तास मागे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे. ह्यूस्टन मात्र मार्च ते नोव्हेंबर एक तास पुढे सरकतं. ह्यूस्टनच्या ब्रोकरने बनवलेल्या तक्त्यात हा एक तास हमखास चुकतो. मासात्लान आणखी एक तास मागे आहे, ते वेगळंच.

आता कायो आर्कास. कांपेचेच्या उपसागरातलं हे निर्यात टर्मिनल, किनाऱ्यापासून लांब, मोनोबोयावर, म्हणजे समुद्रात नांगरलेल्या एका तरंगत्या बोयावर, जहाज बांधून माया क्रूड भरायचं. माया म्हणजे २१-२२ एपीआयचं जड तेल, गंधक ३ टक्क्यांच्या वर, हायड्रोजन सल्फाइडची भीती कायम. जामनगरसाठी हे तेल उचललेल्यांना टाकीच्या तळाला काय चिकटून राहतं ते माहीत आहे. डिसेंबरपर्यंत माझं मत होतं की नॉर्तेच्या मोसमात उघड्या समुद्रातली बोया म्हणजे सगळ्यांत वाईट जागा. ते मत मागे घेतो. बोयावरचं जहाज वाऱ्याकडे नाक करून फिरतं, धक्क्यावरच्या जहाजासारखं आडव्या वाऱ्यात दोर तोडत नाही. लाटा वाढल्या की सोडायचं कधी, हे जहाजावर चढलेला मुरिंग मास्टर, म्हणजे बोयाला बांधण्या-सोडण्याचा जाणकार, सांगतो, आणि ही माणसं कामात पक्की आहेत. तारे देण्यासारखी सेवा तीच.

जहाजाची तयारी मात्र जहाजानेच करायची. बो-स्टॉपर, म्हणजे जहाजाच्या नाकावरची साखळीची पकड, ७६ मिलिमीटर साखळीचा, दीड लाख टनांवरच्या जहाजाला दोन. पिन आणि जीभ आदल्या दिवशी हलवून, ग्रीस लावून ठेवा. पिक-अप रोप विंचच्या ड्रमवर घ्यायचा तो साखळी वर आणण्यापुरता. त्या दोराने जहाज पुढे ओढायला गेलात तर दोर तुटतो आणि समोर उभी असलेली माणसं सापडतात. होजची, म्हणजे तेलाच्या नळीची, क्रेन १५ टनांची हवी आणि तिची चाचणी-पाटी वाचता येईल अशी रंगवलेली. डाव्या बाजूच्या मॅनिफोल्डला (जहाजाच्या तेलनळांच्या तोंडाला) १६ इंची रिड्यूसर (जोडनळी) आधीच बसवा, गॅस्केट नवीन. वारा यायच्या आत सुटायचं असेल तर होज रिकामी करायला, फ्लँज बंद करायला आणि साखळी सोडायला लागणारा वेळ हातात ठेवूनच लोडिंगचा दर मागा.

भरून झाल्यावर पुन्हा तोच शब्द आडवा येतो. मेनोर बंद म्हणजे लाँच बंद. जहाज भरलेलं, समुद्र जहाजाला चालण्याजोगा, आणि बिल ऑफ लेडिंग, म्हणजे मालाची पावती, किनाऱ्यावर अडकलेलं. दात आहेत तर चणे नाहीत. अर्ली डिपार्चर प्रोसिजर, म्हणजे कागदांसाठी न थांबता निघण्याची पद्धत, आधी ठरवून घ्या: कप्तानाने एजंटाला सहीचं लेखी अधिकारपत्र द्यायचं, आकडे ईमेलवर पक्के करायचे, मूळ कागद मागाहून. हे पत्र जहाज पोहोचण्याआधी चार्टररकडून मंजूर झालेलं हवं. नॉर्ते सुरू झाल्यावर कुणी फोन उचलत नाही.

नांगराबद्दल एकच ताकीद. आधी दक्षिणेचा उकाड्याचा वारा येतो, बॅरोमीटर उतरतो, मग दिशा पालटून पारा झपाट्याने चढू लागतो. तो चढायला लागल्यावर नांगर उचलायचा विचार करणं म्हणजे उशीर. वर्गीकरण संस्थांचे नांगराचे हिशेब २५ मीटर प्रतिसेकंद वारा आणि अडीच मीटर प्रतिसेकंद प्रवाह धरतात, पण लाटा धरत नाहीत, कारण ते आडोशाच्या जागेसाठी आहेत. वेराक्रूसबाहेर नॉर्तेत आडोसा कुठला? दक्षिणेचा वारा असतानाच इंजिन तयार ठेवून उघड्या समुद्रात निघायचं. इंधन जळतं, पण साखळी आणि नांगर गमावण्यापेक्षा स्वस्त.

नदीवरची बंदरं, म्हणजे ताम्पिको, तुश्पान, कोआत्साकोआल्कोस, यांचा ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल असलेलं चालेल तो आकडा, नकाशावरून ठरवू नका. मुखाशी गाळ सरकतो. कापितानियाने मान्य केलेला ताजा आकडा लेखी घ्या, मगच माल ठरवा. आल्तामिरा त्या मानाने निवांत, खोदलेलं औद्योगिक बंदर आहे.

पॅसिफिककडे लासारो कार्देनास हा आनंदाचा धक्का. पाणी खोल, रेल्वे थेट आतल्या भागात. मित्तलांच्या इस्पातने १९९२ मध्ये घेतलेला पोलाद कारखाना इथलाच. मान्सानियो देशातलं सगळ्यांत मोठं कंटेनर बंदर, पण शहराच्या कुशीत, त्यामुळे ट्रकची रांग बंदराबाहेर सुरू होते. कंटेनर सोडवण्याचे फुकट दिवस मोजताना ही रांग धरा. सालिना क्रूसला नॉर्ते डोंगरातल्या खिंडीतून जमिनीवरून येतो. किनाऱ्यालगत लाट लहान दिसते, बाहेर तेवांतेपेकच्या आखातात ती भयंकर असते. ओलांडताना किनारा धरूनच जा.

कचऱ्याचं गणित दोन किनाऱ्यांना वेगळं. मेक्सिकोचं आखात मार्पोलच्या (जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पाचव्या परिशिष्टात विशेष क्षेत्र आहे, १ मे २०११ पासून. अन्नाचा कचरा दळून १२ मैलांपलीकडेच टाकता येतो. कायो आर्कासला मुख्य किनारा दूर आहे म्हणून फसू नका, ती बेटं हीसुद्धा जमीनच. चार दिवस नांगरावर अडकलात तर डबे भरतात, आणि मेनोर बंद असेल तर कचऱ्याची बोटही येत नाही. झाकणाचे जादा पिंप जहाजावर आधीच ठेवा, पावती घनमीटरसह मागा.

आणि शेवटी लाँचचं बिल आलं की कापितानियाच्या त्याच दोन सूचना शेजारी ठेवा. नॉर्तेच्या दिवसांत एजंटाच्या अंतिम खर्चपत्रकात लाँचच्या फेऱ्या भरपूर असतात. बंदर मेनोरला १८ तारखेला ०६:०० वाजल्यापासून १९ ला १६:०० वाजेपर्यंत बंद, आणि बिलात १८ ला दुपारी दोन फेऱ्या, असं दिसलं तर त्या फेऱ्यांवर जहाजाच्या गँगवे लॉगचा, म्हणजे चढण्या-उतरण्याच्या नोंदवहीचा, फोटो मागायचा. तो येईपर्यंत रक्कम रोखायची.