वासरांच्या हगवणीत पीसीव्हीचं सेंट्रीफ्यूज: उन्हाळा ते दिवाळी वापरून

मोहोळ-सांगोला भागात माझी जनावरांची प्रॅक्टिस. उन्हाळ्याच्या तोंडावर कॅपिलरी ट्यूबचं (काचेच्या बारीक नळीचं) छोटं सेंट्रीफ्यूज, म्हणजे नळी गरगर फिरवून रक्ताचे थर वेगळे करणारं यंत्र, घेतलं, दिवाळी उलटली तरी वापरात आहे. मानेच्या शिरेतून रक्त, ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) जांभळ्या टोपणाची नळी, त्यातून कॅपिलरी ट्यूब भरून मिनिटाला 12,000 फेरे, 5 मिनिटं; मग लाल पेशींचा थर किती टक्के ते वाचायचं, तोच पीसीव्ही.

पोटभर चीक प्यायलेल्या निरोगी वासरात आकडा बहुधा तिशीच्या आसपास. हगवण लागली की पाणी आणि सोडियम शेणावाटे जातं, रक्त घट्ट होतं, आकडा चाळिशी ओलांडतो. डोळे खोल गेलेलं वासरू मशीनशिवायही कळतं. खरा उपयोग सलाईननंतर. मालक म्हणतो, "उठून बसलंय की डॉक्टर, बास आता," पण दुसरा नमुना सांगतो की पाणी अजून पुरलेलं नाही.

एकट्या आकड्यावर मात्र विसंबू नका. गोचिडांनी शोषलेल्या वासरात पेशी आधीच कमी. त्यात पाणी गेलं की पीसीव्ही साफ नॉर्मल दिसतो. म्हणून मी ट्यूब पांढऱ्या थराच्या वर मोडून प्लाझ्माचा (वरच्या पिवळसर पाण्याचा) थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर घेऊन प्रोटीन मोजतो. पीसीव्ही आणि प्रोटीन दोन्ही चढले तर पाणी गेलंय. पीसीव्ही वर आणि प्रोटीन डेसिलिटरला 5 ग्रॅमच्या खाली, तर पहिला प्रश्न चिकाचा: वासराला तो पुरेसा मिळाला का? खरवसाला घरभर चीक वाटून वासराला उरलासुरला देणारे गोठे काही कमी नाहीत!

ॲसिडोसिस (रक्तात आम्ल वाढणं) यात दिसत नाही, ही मोठी उणीव. आठवड्यावरची वासरं फारशी सुकलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढून आडवी होतात. तिथे तोंडात बोट घालून चोखण्याचा जोर बघितलेला बरा. पोटॅशियमसाठी रक्त सोलापूरला लॅबमध्ये पाठवतो, पण सीरम वेगळं करूनच. एप्रिलच्या उन्हात नळीतच पेशी फुटल्या की पोटॅशियम उगाच वाढलेलं येतं.

तक्रारी: आतलं रबर पावसाळ्यातच झिजलं, विक्रेता फोन उचलत नाही. गाडीच्या बॅटरीवर मशीन चालत नाही, त्यामुळे वस्तीवर लाइट नसली की नमुना दवाखान्यात आणावा लागतो. फिरती प्रॅक्टिस असेल तर बॅटरीवर चालणारंच घ्या. चार-पाच गायींच्या गोठेवाल्याने यात पैसे घालू नयेत. त्याला चिकाचा दर्जा बघायला ब्रिक्सचा साधा रिफ्रॅक्टोमीटर पुरे. चिकाचा ब्रिक्स 22 च्या वर आला की बिनधास्त पाजा, आणि तोही जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच.