पुणेकराचा पहिला विंडसर्फिंग संच: जुना लांब बोर्ड, फ्रीराइड की फॉइल?

गोव्यात चार दिवस विंडसर्फिंग (शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्यावर चालणं) शिकून परतणाऱ्या पुणेकराला खंबाटकीचा बोगदा यायच्या आत एक प्रश्न छळायला लागतो: आता स्वतःचा संच घ्यायचा, पण कोणता? मग घरी येऊन तो परदेशी व्हिडिओ बघतो. त्यात कोणीतरी पाण्यावर दोन फूट वर तरंगत चाललेला असतो, आणि याचं मन तिथंच अडकतं.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे ज्याला भांडायचंय त्याला सुरुवातीपासून भांडता येईल. पुण्याच्या आसपासच्या धरणांवर जायचं असेल तर पहिला संच जुना, लांब, डॅगरबोर्डवाला (मधोमध पाण्यात सोडायची पाती असलेला) घ्यावा. फ्रीराइड बोर्ड, म्हणजे आखूड आणि वेगासाठीचा, दुसरा. फॉइल, म्हणजे बोर्डाखाली दांडा आणि पंख लावून पाण्याबाहेर उचलणारं ते व्हिडिओतलं, तिसरं, तेही बघून.

कारण सगळं पाण्याशी आणि वाऱ्याशी येऊन थांबतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी, भाटघर ही सगळी डोंगरांच्या बेचक्यात अडवलेली पाणी. वारा सह्याद्रीवरून घसरत खाली येतो, सरळ वाहत नाही. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणजे 10 नॉटचा (ताशी साधारण साडेअठरा किलोमीटरचा) वारा क्षणात 15 झाला, तर हातातला ओढा दीडपट नाही, सव्वादोन पट होतो. समुद्रावर हे सावकाश घडतं, इथे शीड सावरायच्या आत. उन्हाळ्यात दुपार कलली की पश्चिमेकडून चांगला वारा सुटतो, पावसाळ्यात नैऋत्येचा जोरदार पण फटके मारत येतो, आणि थंडीत सकाळी पाणी इतकं स्तब्ध असतं की त्यात भांग पाडून घ्यावा.

आणखी दोन आकडे कोणी सांगत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे, म्हणून इथली हवा सुमारे पाच टक्के विरळ. गोव्यात 6.5 चौरस मीटरचं शीड जे काम करत होतं, त्यासाठी त्याच वाऱ्यात इथे 6.9 च्या आसपास लागेल. शिवाय धरणाचं पाणी गोडं. 120 लिटरचा बोर्ड खाऱ्या पाण्यात सुमारे 123 किलो उचलतो, इथे 120. फरक थोडासाच, पण दोन्ही तुमच्या विरुद्ध बाजूला. म्हणून कंपनीच्या मापांच्या तक्त्यात दोन मापांमध्ये अडकलात तर मोठं माप घ्या.

(आणि विकत घ्यायच्या आधी एक काम: यातलं बरंचसं पाणी पिण्याचं आहे, तेव्हा कुठे उतरता येतं ते जलसंपदा खात्याकडे विचारून घ्या. खडकवासल्याचा एनडीएकडचा काठ तर डोक्यातूनच काढा.)

आता लांब बोर्ड. 1996 ते 2004 च्या ऑलिंपिकमध्ये चाललेला मिस्ट्रल वन डिझाइन हा त्याचा चांगला नमुना: 3.72 मीटर लांब, 7.4 चौरस मीटरचं शीड, आणि मधोमध खाली-वर करता येणारा डॅगरबोर्ड. जेमतेम झुळूक असली तरी हा पुढे सरकतो. डॅगरबोर्ड खाली सोडला की वारा जिकडून येतो तिकडे तिरकं वर चढता येतं, म्हणजे जिथून निघालात तिथेच परत येता. पुण्याच्या धरणावर ही गोष्ट वेगापेक्षा मोठी आहे, कारण वारा पडला तर समोरच्या काठावरून चालत यायला रस्ता नसतो, फार तर करवंदीच्या जाळ्या असतात. वारा वाढला आणि बोर्ड वेगात येऊन एका कडेवर उभा राहायला लागला, की पायानं डॅगरबोर्ड मागे लोटून वर घ्यायचा. ही एक सवय लागली की निम्म्या कोलांट्या वाचतात.

त्याचं तंत्र साधं आहे, म्हणून लोक त्याला कमी लेखतात. पुढचं पाऊल मास्टजवळ (शिडाच्या खांबाजवळ), पाठ ताठ, नजर पुढे, आणि बोर्ड वळवायचा तो मास्ट पुढे-मागे कलवून: पुढे कलवला तर वाऱ्यापासून लांब, मागे कलवला तर वाऱ्याकडे. हलक्या वाऱ्यात हे शंभर वेळा करता येतं. जोराच्या वाऱ्यात तेवढ्याच वेळात तुम्ही दहा वेळा पडता.

तोटा एकच, पण मोठा: हा ठेवायचा कुठे? पावणेचार मीटरची वस्तू सोसायटीच्या लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याच्या वळणावर अडकते, आणि पार्किंगमध्ये ठेवली तर अध्यक्ष विचारतात, ‘हे काय आहे?’ वाडा किंवा बंगला नसेल तर आधी जागा शोधा, मग बोर्ड.

फ्रीराइड बोर्ड अडीच मीटरच्या आत-बाहेर, 120 ते 140 लिटरचा, डॅगरबोर्ड नाही, फक्त मागे खालच्या बाजूला फिन, म्हणजे छोटं कल्ल्यासारखं पातं. 75 किलोच्या माणसाला सात-साडेसातच्या शिडावर साधारण 12 ते 15 नॉट, म्हणजे ताशी 22 ते 28 किलोमीटर वारा मिळाला, तर बोर्ड पाण्यातून वर येऊन पृष्ठभागावर घसरायला लागतो. हे प्लेनिंग. एकदा अनुभवलं की माणूस हवामानाचं ॲप दर तासाला उघडायला लागतो. पण वारा 10 वर अडला तर हाच बोर्ड चिखलात रुतलेल्या म्हशीसारखा बसतो, आणि डॅगरबोर्ड नसल्यामुळे वर चढायलाही जड जातो. आमच्याकडे असे दिवस भरपूर.

याची खुबी हार्नेसमध्ये, म्हणजे शिडाचा ओढा अंगावर घेणाऱ्या पट्ट्यात आहे. हातानं ओढून धरायचं नाही, कंबरेवर बसायचं, म्हणजे वजन बूममधून (शीड धरायच्या आडव्या दांडीतून) मास्टच्या पायथ्याशी जातं आणि नाक खाली राहतं. आधी पुढचं पाऊल बोर्डावरच्या पायपट्ट्यात, बोर्ड नीट पळायला लागल्यावर मागचं. घाईनं मागच्या पायावर रेटलं की फिनची पकड सुटते आणि बोर्डची शेपटी बाजूला फेकली जाते. तसं झालं तर मागच्या पायावरचा जोर काढा, पकड परत येते. एप्रिल-मेमध्ये कोकणात उतरणार असाल तर दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर हा बोर्ड खरा खुलतो. वर्षातून तीन-चार वेळा कोकण किंवा गोवा ठरलेलं असेल, तर माझा क्रम उलटा करा: फ्रीराइड पहिला.

फॉइलच्या बाजूनं बोलायचं तर त्याचं म्हणणं बिनतोड आहे. 8-10 नॉटमध्ये, पाच-साडेपाचच्या शिडावर, बोर्ड पाण्याबाहेर उचलला जातो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंग आयक्यूफॉइल या फॉइलच्या प्रकारात झालं, म्हणजे खेळ तिकडेच चाललाय. तरी 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ईबाद अलीनं भारतासाठी कांस्य मिळवलं ते आरएस:एक्स या बोर्डावर, ज्याला डॅगरबोर्ड असतो. जुनं इतक्यात मोडीत निघत नाही.

माझी तक्रार खोलीबद्दल आहे. फॉइलचा दांडा बहुतेक वेळा 70 ते 95 सेंटिमीटरचा, खाली पंख वेगळे. सप्टेंबरमध्ये धरण भरलेलं असताना काही अडत नाही. मे महिन्यात पाणी उतरतं आणि बुडालेली शेतं, बांध, झाडांची खोडं वर सरकतात. मी एका धरणावर असाच जुन्या बांधाला धडकलो. बोर्ड जागीच थांबला, मी थांबलो नाही, बूमवरून पलीकडे गेलो. हेल्मेट होतं म्हणून हे लिहितोय. शेवाळ आणि पाणवेली पंखांना गुंडाळतात ते वेगळंच. फ्रीराइड बोर्डाला निदान मागे झुकलेलं, गवत सोडून देणारं फिन लावता येतं. भिगवणच्या बाजूला उजनीचं पाणी डोळ्यांत मावत नाही इतकं मोठं दिसतं, पण काठाला उथळ आणि चिखलाचं, तिथे फॉइलचा विचार करू नका.

फॉइल घ्यायचंच असेल तर पुढच्या पायाचा दाब शिका. बोर्ड वर उचलला जायला लागला की पुढच्या पायावर वजन. उशीर झाला की पंख पाण्याबाहेर येतात आणि सगळं कोसळतं.

आता जे या तिन्हींपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते. मी एक अख्खा मोसम सातचं शीड ‘जड’ आहे म्हणून छोटं शोधत फिरलो. शीड जड नव्हतं, मी डाउनहॉल, म्हणजे शीड मास्टच्या पायथ्याकडे ताणणारी दोरी, कमी ओढत होतो. एका जाणत्या माणसानं सहा सेंटिमीटर आणखी ओढून दिलं. शिडातल्या वरच्या दोन-तीन आडव्या पट्ट्यांमधली मागची कड सैल पडली, आणि झटक्याचा वारा तिथून निसटायला लागला. आमच्या धरणांवरच्या फटक्याच्या वाऱ्यावर याहून स्वस्त उपाय नाही. आउटहॉल (शीड बूमच्या टोकाकडे ताणणारी दोरी) मात्र हलकाच, शीड बूमला चिकटणार नाही इतपत. बूम खांदा आणि हनुवटी यांच्या मध्ये.

पैसे वाचवायचेच तर बोर्डावर वाचवा, मास्टवर नाही. शिडावर छापलेली लांबी आणि कडकपणा जुळवूनच मास्ट घ्या: 430 सेंटिमीटरचा मास्ट आयएमसीएस (कडकपणाचं माप) 21 चा, 460 चा 25 चा. मास्ट चुकीचा असेल तर डाउनहॉल कितीही ओढा, शीड नीट बसत नाही. कोकणातून आलात तर दोन तुकड्यांच्या सांध्यातली वाळू गोड्या पाण्यानं धुवा, नाहीतर पुढच्या वेळी ते सुटायला दोन माणसं आणि शिव्या लागतात. घाट चढताना हवेचा दाब कमी होतो, तेव्हा बोर्डातली हवा बाहेर सोडणारा स्क्रू सैल करून ठेवा. आणि पाण्यात उतरायच्या आधी तो घट्ट केलाय का, हे दोनदा तपासा.