जुनी बीएमडब्ल्यू एम३४०आय घ्यावी की स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५?

बजेट सढळ असेल तर वेगात तुलनाच नाही. बीएमडब्ल्यूचं ३ लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन, ताकद चारही चाकांना, ० ते १०० साडेचार सेकंदांच्या आत. स्कोडाचे २४५ पीएस (अश्वशक्ती) फक्त पुढच्या चाकांवर. ओल्या रस्त्यावर दाबली की टायर जागीच फिरतात.

खर्चात पारडं उलटं. बीएमडब्ल्यूचे रन-फ्लॅट टायर (पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे) महाग, खड्ड्यांत रिमही वाकतात. घेण्याआधी गाडी लिफ्टवर चढवा, प्रत्येक रिमची आतली कड हाताने चाचपा. स्कोडात डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ट्रॅफिकमध्ये रांगताना झटके देतो का, ते बघा. भारतात २०० च आल्या, त्यामुळे खास आरएसचे पार्ट शोधावे लागतात.

घाटवेडा असाल, देखभालीला वेगळे पैसे असतील, तर बीएमडब्ल्यूच. घरात एकच गाडी, सामानसुमान भरपूर, तर ऑक्टाव्हिया डोळे झाकून.