फोटोतलं इंजिन माझं नव्हतं

कोल्हापुरात आमच्या घरी गाडी म्हणजे ट्रक. आबांची, म्हणजे वडिलांची, अशोक लेलँड कॉमेट होती. शाहूपुरीतून गुळाच्या ढेपा भरायच्या आणि मुंबईला मशीद बंदरला उतरवायच्या. मे महिन्यात मीही बरोबर असायचो, केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणावर गोधडी टाकून बसायचो. खंबाटकीच्या चढाला ती गोधडी चटके द्यायला लागायची. घाटात आबा कुणाशी बोलायचे नाहीत. ते इंजिन ऐकायचे. गिअर कधी पाडायचा हे त्यांना कानानं कळायचं, काट्याकडं बघावं लागत नसे.

हे आधी सांगतोय, कारण पुढं मी एवढे पैसे का घातले ते त्याशिवाय कळणार नाही. आणि ज्यानं मला फसवलं त्यालाही ही सगळी गोष्ट मी पहिल्याच भेटीत मोकळेपणानं सांगून टाकली होती.

२००७ साली मी मेलबर्नला आलो. आधी गोदामात काम, मग एकेक पायरी चढत एकाहून जास्त ट्रेलर ओढायचं मल्टी कॉम्बिनेशन लायसन्स. गेली बरीच वर्षं रात्री बी-डबल, म्हणजे दोन ट्रेलरचा ट्रक, घेऊन मेलबर्न-सिडनीच्या ह्यूम हायवेनं निघतो, टारकट्टाला सिडनीहून आलेल्या ड्रायव्हरशी ट्रेलर बदलतो आणि उजाडायला घरी. टारकट्टा दोन्ही शहरांच्या साधारण मध्यावर आहे, त्यामुळं ट्रकवाल्यांचा हा पिढ्यान्पिढ्यांचा थांबा. या कामात गेलेल्या ड्रायव्हरांचं स्मारकही तिथं आहे. तिथंच म्हाताऱ्या ड्रायव्हरांकडून जुन्या ह्यूमच्या गोष्टी ऐकल्या. १९७९ च्या एप्रिलमध्ये टन-मैलावर लागणाऱ्या रस्ता कराविरुद्ध ट्रकवाल्यांनी रेझरबॅकच्या डोंगरावर ट्रक आडवे लावून हा रस्ता अडवला होता. २०१३ मध्ये होलब्रूकला वळसा घालणारा रस्ता झाला तेव्हा कुठं सगळा ह्यूम दुभाजकाचा झाला; जुन्या काळी तर अरुंद रस्ता, समोरून येणारे दिवे आणि सव्वाशे-दीडशे हॉर्सपॉवरचं इंजिन घेऊन माणसं वीस टन माल ओढायची. ते ऐकताना मला आबा दिसायचे.

२०१६ मध्ये स्वान हिलच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेलँड सुपर कॉमेट मिळाली, १९६० च्या दशकातली. आबांच्या गाडीला लाकडी केबिन होती, आपल्याकडच्या सुतारांनी बांधलेली. हिची पत्र्याची, मोठ्या वाकलेल्या काचेची. पण इंजिन त्याच घराण्यातलं. तिचं ४०० म्हणजे चारशे घनइंचांचं, साडेसहा लिटरचं, सहा सिलिंडर. शेतकऱ्यानं बॅटरी जोडून चालू करून दाखवलं. मी फोन इंजिनाजवळ धरला आणि कोल्हापुरात आबांनी ते ऐकलं. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. साडेचार हजार डॉलरला सौदा झाला. तो म्हातारा सरळ माणूस होता, त्यानं गाडीचा एकही दोष लपवला नाही.

त्यानंच मला ब्लॉकवरचे टाके दाखवले. आधीचा मालक कूमाकडचा, स्नोई पर्वताच्या थंडीतला. एका रात्री इंजिनातलं पाणी गोठलं आणि ब्लॉकला वीतभर भेग गेली. ओतीव लोखंडाला वेल्डिंग नीट धरत नाही, म्हणून भेगेच्या कडेनं भोकं पाडून त्यात धातूचे तुकडे ठोकून बसवतात. कामाला स्टिचिंगच म्हणतात. बोट फिरवलं की शिवणीसारखं लागायचं. त्याचाही फोटो मी आबांना पाठवला होता.

गाडी चालत होती, पण ब्रेक बेभरवशाचे, केबिनचा तळ गंजून चाळण झालेला, इंजिन तेल खात होतं. मला ती क्लब परमिटवर रस्त्यावर आणायची होती. व्हिक्टोरियात पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला क्लबमार्फत हे परमिट मिळतं, वर्षाला ४५ किंवा ९० दिवस, प्रत्येक फेरी लॉगबुकात लिहायची. त्याआधी गाडी रोडवर्दी, म्हणजे रस्त्यावर चालवण्याजोगी, हवी.

दुसऱ्या वर्षी जुन्या ट्रकच्या एका मेळाव्यात तो माणूस भेटला. शेजारी लालभडक इंटरनॅशनल ट्रक उभा, आरशासारखा रंग, चाकांच्या नटांना सुद्धा क्रोम. ‘हे माझं काम,’ म्हणाला. मी आबांची गोष्ट सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, ‘तुझ्या वडिलांना तिच्यात बसवायचं असेल तर फार उशीर करू नकोस.’ आबा तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे. ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं. पुढं कळलं की तो इंटरनॅशनल त्यानं तयारच विकत घेतला होता. त्याच्या हातून पूर्ण झालेल्या एका तरी गाडीचा मालक कोण, हे मी विचारलं नाही. तुम्ही विचारा. नाव घ्या, फोन करा, ती गाडी जाऊन बघा. खरा कारागीर याचा राग मानत नाही, उलट त्याला ते आवडतं.

त्याची जागा न्यू साउथ वेल्समध्ये, माझ्या घरापासून सातशे किलोमीटरवर. ठरलं असं: एकूण बेचाळीस हजार, दहा हजार आगाऊ, मग प्रत्येक टप्प्याचे फोटो आले की त्या टप्प्याचे पैसे. मला ही सोय उलट फार चांगली वाटली. फोटो बघून पैसे द्यायचे, म्हणजे आपल्या हातात लगाम आहे असं वाटतं. पण कुठला फोटो काढायचा आणि कधी पाठवायचा हे सगळं त्याच्या हातात होतं.

सुरुवातीचे फोटो खरेच होते. माझीच गाडी, केबिन उचललेली, चासी सँडब्लास्ट करून लाल प्रायमर मारलेली. आठ हजार दिले. सगळ्यात घातक भाग तोच. तेवढं काम खरं झालं नसतं तर मी चार महिन्यांत सावध झालो असतो. मग इंजिनाचे फोटो सुरू झाले: उघडा ब्लॉक, घासून आणलेला क्रँक म्हणजे मुख्य दांडा, नवे लायनर म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या. साडेनऊ हजार. मग इंग्लंडहून पार्ट मागवायचे म्हणून सहा हजार. बिल मागितलं तर बिलाचा फोटो आला, वरचा दुकानाच्या नावाचा भाग कापलेला. मी विचारलं नाही. रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस सकाळी सात वाजता फोनवर फोटो बघतो, बरं वाटतं आणि झोपून जातो. माझं तसंच व्हायचं.

एक दिवस तयार इंजिनाचा फोटो आला. हिरवा रंग, पितळी नळ्या चकचकीत, लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं. मी आनंदानं आबांना व्हिडिओ कॉल लावला आणि लॅपटॉपवरचा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोन नाकाजवळ धरला.

‘टाकं कुठं गेलं रं?’

‘रंग दिलाय आबा.’

‘रंगानं टाकं बुजत न्हाईत. ह्यो तुझा ब्लॉक न्हवं.’

फोटो नेमका त्याच बाजूनं काढलेला होता. मी शेतकऱ्याकडचा जुना फोटो शेजारी लावला. वीतभर शिवण होती तिथं नव्या फोटोत सपाट, कोरं लोखंड होतं. मी किती वेळा तो फोटो मोठा करून बघितला असेल, पण माझी नजर रंगावर होती.

त्या बाजूचा जवळून फोटो आणि इंजिन नंबर पाठव, असं मी त्याला कळवलं. तीन दिवसांनी उत्तर आलं की जुना ब्लॉक वाया गेलेला निघाला, म्हणून दुसरा घातला. मग जुना कुठाय? यावर काही नाही. फोन बंद.

शनिवारी रात्री निघालो, रविवारी सकाळी पोचलो. शटर बंद. मागच्या अंगणात गवतात माझी चासी उघड्यावर उभी होती, प्रायमरमधून पुन्हा गंज फुटलेला. केबिन बाजूला दोन पिंपांवर. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, रेडिएटर नाही. पुढची जाळी, लेलँडची अक्षरं, स्टेअरिंगचं चाकसुद्धा काढून नेलेलं. डॅशबोर्डवर मीटरांच्या जागी भोकं होती आणि त्यातून वायरी लोंबत होत्या. शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं सांगितलं, इंजिन गेल्या हिवाळ्यातच कुणीतरी ट्रेलरवर घालून नेलं. म्हणजे क्रँकचे पैसे मी दिले तेव्हा इंजिन तिथं नव्हतंच.

दोन दिवसांनी त्याचा निरोप आला: गाडी न्यायची असेल तर जागेचं भाडं बत्तीसशे डॉलर दे, नाहीतर सोडून दिलेली वस्तू म्हणून विकेन. ही पोकळ धमकी नव्हती. न घेऊन गेलेल्या वस्तूंबद्दल न्यू साउथ वेल्समध्ये १९९५ चा कायदाच आहे, नोटीस आणि मुदत पाळून अशी वस्तू विकता येते. कायदा सल्ला केंद्रातल्या बाईंनी सांगितलं त्याप्रमाणे ‘हरकत नोंदवून पैसे देत आहे’ असं लेखी कळवून भाडं भरलं. चोवीसशे देऊन उरलेली गाडी लो-लोडरवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर, घातली आणि मेलबर्नला आणली.

पोलिसांनी तक्रार ऐकून घेतली आणि ही दिवाणी बाब आहे म्हणाले. काम करतो म्हणून पैसे घेतले, थोडं केलं, उरलेलं केलं नाही. त्यात फसवण्याचा हेतू सिद्ध करणं अवघड, हे त्यांनी समजावून सांगितलं. न्यायाधिकरणात गेलो. तिथं निकाल माझ्या बाजूनं लागला, त्या दिवशी बायकोनं शिरा केला होता. सात आठवड्यांत त्याची कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे बुडाली आणि उरलंसुरलं विकून देणी भागवायला काढली. तिथं माझ्यासारखे विनातारण घेणेकरी रांगेत शेवटी असतात. फॉर्म भरला, दोन पत्रं आली, हातात काही आलं नाही. त्याला दिलेले साडेतेहतीस हजार, वर भाडं आणि लो-लोडर, असे एकोणचाळीस हजार शंभर डॉलर. मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेले यातले किती, ते इथं लिहीत नाही. बायकोला माहीत आहे.

तिनं मला एकदाही बोल लावला नाही. एकदा फक्त विचारलं, ‘ट्रक घेताना गाडीखाली झोपून बघितलंत, मग माणूस का नाही बघितलात?’ तेव्हा बसून शोधलं. एबीएन लुकअपवर कुणाचाही धंद्याचा नंबर फुकट बघता येतो, तो कधीपासून चालू आहे हेही कळतं. त्याचा नंबर मेळाव्याच्या पाच महिने आधीचा, आणि बोलताना मात्र तीस वर्षांचा अनुभव. मी पैसे भरत होतो ते खातंही कंपनीच्या नावाचं नव्हतं. दोन्ही गोष्टी दहा मिनिटांत कळल्या.

इथं आपली बरीच माणसं आता ट्रकच्या धंद्यात आहेत, आणि कुणी जुना मॅक, कुणी जुना एक्को ट्रक, कुणी शेतावरचा ट्रॅक्टर हौसेनं घेतोय. म्हणून माझ्या चुका जशा आठवतील तशा सांगतो. गाडी दुसऱ्याच्या अंगणात सोडण्याआधी चासी, इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळ्यांचे नंबर घासून साफ करून फोटो काढा आणि ती यादी करारावर त्याच्या सहीनं जोडा. १९८९ च्या आधीच्या गाड्यांना सतरा अक्षरी व्हिन नसतो, जुना चासी नंबरच असतो, तेव्हा तो नंबर हाच तुमचा पुरावा. ब्लॉकवर न दिसेल अशा जागी पंचनं आपली खूण ठोका. मी आता सगळीकडं आबांच्या नावाचं अक्षर ठोकतो. अक्षरं, जाळी, मीटर, स्टेअरिंग असल्या सुट्या वस्तू काढून घरी आणा; जुन्या गाडीचे हेच भाग बाजारात सगळ्यात आधी विकले जातात आणि परत मिळत नाहीत. पार्टचे पैसे दुकानदाराला स्वतः भरा, बिल आपल्या नावावर घ्या. उद्या गॅरेज बुडालं तर लिक्विडेटर कागद विचारतो, आणि तो पार्ट तुमचा आहे हे तुम्हालाच दाखवावं लागतं. जागेचं भाडं कधीपासून आणि किती, तेही आधी लिहून घ्या.

आणि विकत घेताना पीपीएसआर, म्हणजे तारण ठेवलेल्या वस्तूंची सरकारी नोंद, बघाच. दोन डॉलर लागतात. गाडीवर कर्ज असेल तर तिथं कळतं.

आबा अजून आहेत. दर रविवारी विचारतात, कुठवर आलं. गेल्या वर्षी बॅलरॅटच्या पलीकडून दुसरं ४०० चं इंजिन मिळालं, जाम झालेलं, पण पूर्ण. ते माझ्या घरापासून पंचवीस मिनिटांवर एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं आहे. त्यानं आगाऊ काही घेतलं नाही. दर गुरुवारी कामावरून सुटलो की घरी न जाता आधी तिथं जातो. परवा दोन लायनर निघाले, तिसरा हलत नव्हता. मी बाही वर करून ब्लॉकवर सगळीकडं हात फिरवला आणि फोन लावून आबांनाही चारी बाजू दाखवल्या.