गावाचे नियम ऑनलाईन वाचायच्या अमेरिकन साइट्स: म्युनिकोड, अमेरिकन लीगल, ईकोड३६० (रिव्ह्यू)

अमेरिकेत आपण ज्या गावात किंवा शहरात राहतो तिथले ऑर्डिनन्स, म्हणजे गावाने केलेले कायदे, वाचायला तीन मोठ्या साइट्स आहेत, म्युनिकोड, अमेरिकन लीगल आणि ईकोड३६०. मी तिन्ही नेहमी वापरतो म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय. बहुतेक लोक तिथे जातात ते कुंपण किती फुटांपर्यंत चालतं, मागच्या अंगणात शेड टाकायला परमिट लागतं का, एवढंच बघायला, आणि बघून निघून येतात. पण त्याच साइटवर, त्याच कोडमध्ये, काउन्सिल मेंबरने, मेयरने, झोनिंग बोर्डावरच्या (कुठल्या जागेवर काय बांधता येतं ते ठरवणाऱ्या) माणसाने कसं वागायचं याचे नियमही दिलेले असतात. गिफ्ट किती डॉलरपर्यंतचं चालतं, कुठल्या विषयावर मत न देता उठून बाहेर जायचं, भावाच्या कंपनीला गावाचं काम देता येतं का, पद सोडल्यावर किती दिवस गावासमोर कोणाची वकिली करायची नाही, सगळं. ते वाचायला या साइट्स कितपत कामाच्या आहेत तेवढंच मी इथे बघणार आहे, कुंपणाचं तुमचं तुम्ही बघा.

आधी या साइट्स नेमकं काय करतात ते सांगतो. काउन्सिल मीटिंगमध्ये ऑर्डिनन्स पास करते तेव्हा तो एक सुटा कागद असतो, त्यात लिहिलेलं असतं की अमुक चॅप्टरमधला अमुक सेक्शन काढा आणि हा घाला. असे कागद वर्षानुवर्षं साठत जातात, आणि आज नक्की कुठला नियम लागू आहे हे कोणालाच धड सांगता येत नाही. म्हणून गावं हे काम बाहेर देतात. या कंपन्या ते सगळे कागद घेऊन विषयवार एक कोड बनवतात, नंबर देतात, आणि नवीन ऑर्डिनन्स आला की तो त्यात बसवून अपडेट काढतात. म्युनिकोड फ्लोरिडातल्या टॅलाहासीची, १९५१ पासून हेच काम करतेय, २०२१ मध्ये ती सिविकप्लस नावाच्या कंपनीत गेली. अमेरिकन लीगल सिनसिनाटीची. ईकोड३६० ज्या जनरल कोडचं आहे ती न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची, आणि न्यूजर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्वेनियातली छोटी गावं बरीचशी तिच्याकडेच सापडतात. पैसे गाव भरतं, वाचणाऱ्याला फुकट, लॉगिनही लागत नाही. हे मला फार मोठं वाटतं. कायदा पाळायचा आपण आणि तो वाचायला पैसे मोजायचे हे बरोबरच नाही.

मोठ्या शहरांसाठी या साइट्स झकास आहेत. शिकागोचा कोड अमेरिकन लीगलवर आहे, चॅप्टर २-१५६ उघडा, गव्हर्नमेंटल एथिक्स, म्हणजे पदावरच्यांनी कसं वागायचं ते, सगळं एका जागी मिळतं, व्याख्या, बंधनं, बोर्ड ऑफ एथिक्सचे अधिकार, दंड. सॅन फ्रान्सिस्कोने तर कॅम्पेन अँड गव्हर्नमेंटल कंडक्ट कोड म्हणून वेगळा कोडच केलाय. न्यूयॉर्क शहराचे नियम चार्टरच्या (चार्टर म्हणजे शहराची स्वतःची घटना) चॅप्टर ६८ मध्ये आहेत, आणि तिथे एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. चार्टरमध्ये फक्त एवढंच आहे की शहराशी धंदा करणाऱ्या कोणाकडून व्हॅल्युएबल गिफ्ट घ्यायचं नाही. व्हॅल्युएबल म्हणजे किती ते कॉन्फ्लिक्ट्स ऑफ इंटरेस्ट बोर्डाच्या रूल्समध्ये आहे, ५० डॉलर किंवा जास्त. म्हणजे एकच नियम दोन ठिकाणी वाटलेला आहे, चार्टर वाचून थांबलात की अर्धाच हाती लागतो.

आता खरी अडचण. तुम्ही मध्यम किंवा छोट्या गावात राहत असाल आणि सर्चमध्ये एथिक्स टाइप केलंत तर बऱ्याचदा काहीच येत नाही, किंवा एक बारीकसा सेक्शन येतो, आणि माणसाला वाटतं की आपल्या गावाला नियमच नाहीत. असं नसतं. नियम राज्याच्या कायद्यात असतात आणि गावाच्या कोडमध्ये ते परत छापलेले नसतात. या साइट्सचा सगळ्यात मोठा उणेपणा मी हाच मानतो, कारण कोड उघडल्यावर पहिल्याच पानावर कुठेतरी लिहायला हवं की या विषयाचा राज्याचा कायदा अमुक आहे, तो इथे बघा. तसं क्वचितच दिसतं. म्हणून राज्यागणिक काय शोधायचं ते मीच लिहितो.

न्यूजर्सीत (आपली मंडळी तिथे भरपूर आहेत म्हणून आधी तेच) १९९१ चा लोकल गव्हर्नमेंट एथिक्स लॉ आहे. गाव स्वतःचं एथिक्स बोर्ड नेमू शकतं, नेमलं नाही तर तक्रार राज्याच्या लोकल फायनान्स बोर्डाकडे जाते. त्यामुळे ईकोड३६० वर एथिक्स बोर्डाचा चॅप्टर सापडला नाही तर घाबरायचं कारण नाही, कायदा लागू आहेच. ज्या विषयात स्वतःचा किंवा घरच्यांचा पैशाचा किंवा वैयक्तिक संबंध असा आहे की निःपक्षपातीपणावर परिणाम होईल असं कोणालाही वाटावं, त्यात त्या माणसाने पडायचं नाही. दरवर्षी फायनान्शियल डिस्क्लोजर, म्हणजे आपल्या पैशाच्या हितसंबंधांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा असतो, तारीख ३० एप्रिल. दंड १०० ते ५०० डॉलर, जो मला अगदीच कमी वाटतो, लाखांच्या कॉन्ट्रॅक्टपुढे ५०० डॉलरला कोण भिणार.

न्यूयॉर्क राज्यात उलटं. तिथे जनरल म्युनिसिपल लॉचं आर्टिकल १८ प्रत्येक काउंटी, सिटी (न्यूयॉर्क शहर सोडून), टाउन आणि व्हिलेजला स्वतःचा कोड ऑफ एथिक्स करायलाच लावतं, सेक्शन ८०६. त्यामुळे तिथल्या गावाच्या कोडमध्ये एथिक्स चॅप्टर मिळायला हवा, आणि नसेल तर क्लर्कला, म्हणजे गावाचे अधिकृत कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारायचा हक्क तुम्हाला आहे. गिफ्टची राज्याची मर्यादा ७५ डॉलर, गाव त्याहून कडक करू शकतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये चॅप्टर २६८ए हा एकच राज्याचा कायदा गावातल्या सगळ्यांना लागतो, शाळेतल्या शिक्षकापासून ते पगार न घेता कमिटीवर बसणाऱ्या शेजाऱ्यापर्यंत. हे फार लोकांना माहीत नसतं. कोणीतरी आग्रहाने आपल्याला पार्क कमिटीवर घेतं, आपणही खुशीने जातो, आणि त्या दिवसापासून आपण कायद्याच्या दृष्टीने म्युनिसिपल एम्प्लॉयी झालेलो असतो, ५० डॉलरचं गिफ्ट आपल्यालाही बंद, दर दोन वर्षांनी ऑनलाईन ट्रेनिंग आपल्यालाही. हे त्या गावाच्या कोडवर शोधत बसलात तर बहुधा मिळणारच नाही.

कॅलिफोर्नियात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कोडमध्ये कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट कोड नावाचं पान असतं, मोठ्या आशेने उघडावं तर आत दोन परिच्छेद, की राज्याच्या कमिशनचं (फेअर पोलिटिकल प्रॅक्टिसेस कमिशन) रेग्युलेशन १८७३० आम्ही जसंच्या तसं लागू केलंय. आणि खाली कुठल्या पोस्टवरच्या माणसाने काय जाहीर करायचं त्याची यादी, तीही कधी कधी वेगळ्या रेझोल्युशनमध्ये. मूळ माल सगळा राज्याकडे, १९७४ चा पोलिटिकल रिफॉर्म अ‍ॅक्ट, फॉर्म ७०० (हितसंबंध जाहीर करायचा फॉर्म), आणि गव्हर्नमेंट कोडचा सेक्शन १०९०, जो म्हणतो की ज्या कॉन्ट्रॅक्टमध्ये तुमचा पैशाचा हितसंबंध आहे ते तुम्ही अधिकारी म्हणून करायचंच नाही, आणि केलंत तर ते कॉन्ट्रॅक्ट टिकत नाही. पण ती दोन परिच्छेदांची पानं फालतू समजू नका. कुठल्या पोस्टला कुठली कॅटेगरी लावलीय ते नीट वाचलं की कळतं गाव कोणाकोणाकडून जमीनजुमल्याची माहिती मागतं आणि कोणाला सोडून देतं. मी तर ती यादी आधी बघतो.

टेक्सासबद्दल थोडक्यात, लोकल गव्हर्नमेंट कोडचे चॅप्टर १७१ आणि १७६, पहिल्यात हितसंबंधाचं अ‍ॅफिडेव्हिट, दुसऱ्यात व्हेंडरशी असलेले संबंध जाहीर करायचे.

सर्चबद्दल. एथिक्स या एका शब्दावर भरवसा ठेवू नका. कॉन्फ्लिक्ट, गिफ्ट, डिस्क्लोजर, नेपोटिझम (नातेवाइकांना कामावर घेणं), इंटरेस्ट इन कॉन्ट्रॅक्ट, रिक्यूज (मत न देता बाजूला होणं), असे वेगवेगळे शब्द टाकून बघा, कारण एका गावाने हे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या चॅप्टरमध्ये टाकलेलं असतं, दुसऱ्याने पर्सोनेल म्हणजे कर्मचाऱ्यांच्या चॅप्टरमध्ये, तिसऱ्याने पर्चेसिंगमध्ये. त्यातही पर्चेसिंगचा चॅप्टर कोणी वाचत नाही आणि नेमकं तिथेच कामाचं असतं, किती डॉलरपर्यंत टेंडर न काढता गावाचा मॅनेजर (काउन्सिलने कारभार बघायला नेमलेला अधिकारी) परस्पर खरेदी करू शकतो हा आकडा तिथे मिळतो. तो आकडा आणि गिफ्टचा नियम शेजारी ठेवून वाचा, मग गावाचा कारभार कळायला लागतो.

कोडबरोबर चार्टर दिलेलं असेल तर तेही वाचा, साइटवर ते डावीकडच्या यादीत बहुतेक सगळ्यात वरच असतं आणि सगळे ते सोडून खाली जातात. चार्टर किती महत्त्वाचं असतं ते कॅलिफोर्नियातल्या बेल शहराने दाखवलं. २००५ मध्ये तिथे एक स्पेशल इलेक्शन झालं, ४०० पेक्षाही कमी मतं पडली, आणि बेल चार्टर सिटी, म्हणजे स्वतःच्या चार्टरवर चालणारं शहर, झालं. काउन्सिलच्या पगारावर राज्याने जी मर्यादा घातली होती ती चार्टर सिटीला लागत नव्हती. २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने बाहेर काढलं की सिटी मॅनेजर रॉबर्ट रिझो वर्षाला जवळपास ८ लाख डॉलर पगार घेतोय आणि काउन्सिलवरचे बहुतेक जण अर्धवेळ कामाचे लाखाच्या आसपास घेतायत, आणि हे एका छोट्या कामगार वस्तीच्या शहरात, जिथले लोक प्रॉपर्टी टॅक्स भरून दमले होते. रिझोला २०१४ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. मला याचा अजूनही संताप येतो. मूठभर लोकांनी मत दिलं आणि सगळ्या शहराच्या तिजोरीचं कुलूप निघालं.

आता कोड किती ताजा आहे ते. इथे प्रत्येकाने एक सवय लावून घ्यावी, पान उघडलं की आधी बघायचं कोड कुठल्या तारखेपर्यंत अपडेट आहे. ऑर्डिनन्स पास होतो आज आणि कोडमध्ये बसतो काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, आणि हे गाव कागद कधी पाठवतं आणि किती वेळा अपडेटचे पैसे भरतं यावरही असतं. ईकोड३६० वर न्यू लॉज म्हणून वेगळा भाग आहे, पास झालेले पण अजून कोडमध्ये न बसलेले ऑर्डिनन्स तिथे दिसतात. म्युनिकोडवरही बऱ्याच गावांच्या पानावर अशी यादी असते. ती न बघता काउन्सिलच्या मीटिंगमध्ये उभं राहून कोड वाचून दाखवू नका, समोरचा वकील लगेच म्हणेल की हा सेक्शन गेल्या महिन्यात बदलला. आणि या साइट्स स्वतःच लिहून ठेवतात की ऑनलाईन मजकूर आणि क्लर्ककडची अधिकृत प्रत यात फरक असला तर क्लर्ककडची प्रत खरी.

माझं सगळ्यात आवडतं फीचर म्हणजे जुन्या आवृत्त्या, म्युनिकोडवर त्याला कोडबँक म्हणतात. एथिक्सच्या बाबतीत हे सोन्यासारखं आहे, कारण प्रश्न नेहमी असा असतो की त्या दिवशी नियम काय होता, आज काय आहे तो नाही. मेंबरने मत दिलं मार्चमध्ये, नियम सैल केला जूनमध्ये, तर मार्चची आवृत्ती उघडायला हवी. पण सगळ्या गावांच्या पानावर हे मिळत नाही, गावाने घेतलं असेल तरच, आणि माझ्या मते हे फीचर गावाने विकत घ्यायची वस्तू नसून सगळ्यांना आपोआप मिळायला हवी. तुमचं गाव कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करत असेल तर मीटिंगमध्ये हे जरूर मागा.

कॉपी करायला, प्रिंट काढायला लोक बिचकतात, खाली कंपनीचं नाव आणि कॉपीराइटची खूण असते म्हणून. इथे २०२० चा जॉर्जिया विरुद्ध पब्लिक रिसोर्स हा सुप्रीम कोर्टाचा निकाल माहीत असू द्या. ५ विरुद्ध ४ ने कोर्टाने सांगितलं की कायदे करणाऱ्यांनी कायदे करण्याच्या कामात जे लिहिलं त्यावर कॉपीराइट नाही, आणि जॉर्जियाच्या अधिकृत कोडमधल्या टिपांनासुद्धा ते लावलं. तेव्हा गावाचा एथिक्स चॅप्टर प्रिंट काढून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायला अजिबात घाबरू नका.

स्टार द्यायचे तर गावाचे नियम शोधायला तिन्हींना पाचपैकी साडेचार. एथिक्ससाठी साडेतीन, राज्याच्या कायद्याकडे नीट बोट दाखवत नाहीत म्हणून, आणि मेंबर्सनी भरलेले डिस्क्लोजर फॉर्म त्या नियमाशेजारी नसतात म्हणून. न्यूजर्सीचे फॉर्म राज्याच्या साइटवर नाव टाकून शोधता येतात, कॅलिफोर्नियाचे बरेचसे कमिशनच्या किंवा शहराच्या साइटवर मिळतात, पण एका टॅबमध्ये नियम आणि दुसऱ्यात फॉर्म अशी कसरत आपल्यालाच करावी लागते. आणि ज्यांचं गाव तिन्हींपैकी कुठेच नाही त्यांनी सरळ टाउन क्लर्कच्या ऑफिसात जाऊन कोड बघायला मागा, तो पब्लिक रेकॉर्ड आहे, कशासाठी हवाय हे सांगायची गरज नाही.